कागद कुठवर आला?

मंडळी, आमच्या घरात 'जॅम' हा शब्द पावाला लावायच्या पदार्थासाठी कधी वापरलाच गेला नाही. तो आमच्याकडे मुरंबा. जॅम म्हणजे झेरॉक्स मशीनच्या पोटात कागद अडकणे, दिवा लाल होणे, आणि आईने पदर खोचून पुढचं दार उघडणे. इथे वाचणाऱ्या निम्म्याअधिक भावंडांनी मे महिन्याच्या सुट्टीत चिपळूणच्या त्या दुकानात बसून स्टेपलर मारलेले आहेत, तेव्हा त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: कोर्टापासून जवळच एक अरुंद गाळा, एक मशीन, एक स्टूल, एक लॅमिनेशनचं यंत्र. १९९७ ते २०१४ एवढा काळ ते आईने चालवलं. माझा डिप्लोमा आणि धाकट्याचं शिक्षण त्यातूनच निघालं.

आठवण निघायचं कारण असं की भाच्याने मला विचारलं, "मावशी, मशीनला कसं कळतं कागद नेमका कुठे अडकला ते? आत कॅमेरा असतो का?" प्रश्न चांगला आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाली, त्यामुळे सेन्सर म्हटलं की मला बोलायला कारण लागत नाही. फोनवर त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून ही पोस्ट.

कॅमेरा नसतो. असते ती काळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी, करंगळीच्या पेराएवढी किंवा थोडी मोठी. मेकॅनिक लोक तिला फ्लॅग म्हणतात. मधे खिळीवर बसवलेली, सी-सॉ सारखी. तिचं एक टोक कागदाच्या वाटेत डोकावत असतं आणि दुसरं टोक एका इंग्रजी यू आकाराच्या खाचेत. खाचेच्या एका भिंतीत अवरक्त प्रकाशाचा एलईडी, समोरच्या भिंतीत तो प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. कागद आला की तो पट्टीला ढकलतो, दुसरं टोक खाचेतून बाजूला होतं, प्रकाश पलीकडे पोचतो. कागद गेला की केसाएवढी बारीक स्प्रिंग पट्टीला परत जागेवर आणते आणि प्रकाश अडतो. (काही ठिकाणी उलटं असतं, कागद आला की प्रकाश अडतो. मुद्दा तोच.) बस्स. एवढंच.

मला स्वतःला हे फार आवडतं. कागदावर सरळ प्रकाश टाकून 'आहे की नाही' बघता येतं, आणि तसे सेन्सरही असतातच. पण जुन्या मंडळींना ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट आठवत असतील. त्यातून प्रकाश आरपार जातो, म्हणजे मशीनच्या लेखी कागद नाहीच! म्हणून काही शीटना पुढच्या कडेला मुद्दाम पांढरी पट्टी चिकटवलेली यायची. प्लॅस्टिकच्या पट्टीला मात्र पारदर्शक, काळा, कोर्टाचा हिरवा लेजर पेपर सगळं सारखंच. जो ढकलेल तो कागद.

आता नुसतं 'आला' आणि 'गेला' कळून काय होतं? सगळंच होतं. कागद ट्रेमधून निघतो तो आधी दोन थांबलेल्या रोलरांवर येऊन टेकतो. त्यांच्या जरा अलीकडे पहिली महत्त्वाची पट्टी. ती हलली की मशीन मागच्या रोलरांना अजून किंचित ढकलू देतं, म्हणजे कागदाला छोटा फुगवटा येतो आणि त्याची पुढची कड रोलरांना घट्ट, सरळ टेकते. तिरका आलेला कागद इथे सरळ होतो. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत सर मागून खांदे सरळ करायचे, तसं. मग ड्रमवर पावडरचं चित्र योग्य जागी आलं की एक क्लच 'टक्' करून लागतो आणि कागद सुटतो. चालू मशीनला कान लावलात तर तो टक् ऐकू येतो. चित्राची पहिली ओळ आणि कागदाची वरची कड यांची गाठ त्या टक्-ला पडते.

गणित करून बघा. समजा मशीन मिनिटाला २० प्रती काढतंय आणि कागद आतून सेकंदाला १२० मिलिमीटर वेगाने जातोय. क्लच सेकंदाचा शंभरावा भाग उशिरा लागला तर छाप सव्वा मिलिमीटर सरकली. दशांश सेकंद उशीर झाला तर १२ मिलिमीटर, म्हणजे सातबाराचं शीर्षक गायब. कागदाखालचा, पावडर ओढून घेणारा विजेचा दाबसुद्धा कागद तिथे असेल तेवढाच वेळ द्यायचा असतो. नाहीतर ड्रमवरची उरलीसुरली पावडर खालच्या रोलरला लागते आणि पुढच्या कागदाची पाठ काळी होते.

आणि शेवटी हीटिंग युनिट. तिथे पावडर वितळवून कागदात बसवतात, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला. त्याच्या बाहेरच्या तोंडाशी शेवटची पट्टी. माझ्या मते मशीनमधली सगळ्यात जबाबदारीची जागा ही. कागद आत गेला आणि ठरल्या वेळात बाहेर आला नाही, तर तो गरम रोलरला गुंडाळला गेलाय किंवा तिथेच दुमडलाय. सगळं ताबडतोब थांबवायला हवं.

ही काळजी जुनीच आहे. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामात नकला करून करून कंटाळलेला माणूस. त्याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात, मदतनीस ओटो कोर्नाय याच्यासोबत पहिली कोरडी नक्कल काढली. तिच्यावर तारीख आणि गावाचं नाव एवढंच होतं. पुढे झेरॉक्स ९१४ हे साध्या कागदावर नकला काढणारं मशीन लोकांपुढे आलं ते १९५९ साली, म्हणजे मधे २१ वर्षं गेली. त्या ९१४ मधे कागद अडकून करपायची भीती अशी की कंपनी सोबत एक छोटं आग विझवायचं नळकांडं द्यायची. त्याला 'आग विझवायचं' म्हणायचं नाही म्हणून 'करपणं घालवणारं' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. विक्री खात्याच्या लोकांना दंडवत :-)

असो. आता २००३ चा जून.

आमचं मशीन परदेशात वापरून झालेलं, इथे दुरुस्त करून विकलेलं. पतपेढीच्या कर्जावर घेतलेलं. वर्षाची खरी कमाई जून-जुलैची: दाखले, गुणपत्रिका, प्रवेशाचे अर्ज. त्यात आमच्याकडचा पाऊस. कागद दमट होतो, कडा वळतात, दोन कागद चिकटून येतात. आई कागदाचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून मगच ट्रेमधे घालायची आणि उघडं रीम रात्री डब्यात ठेवायची, पापडांसारखं. तरीही त्या जूनमधे मशीनने वेगळाच हट्ट धरला. शेवटचा जॅम दाखवायचं, दार उघडावं तर हीटिंग युनिटमधे काहीच नाही! कागद बाहेर छान येऊन पडलेला, आणि मशीन म्हणतंय तो अजून आतच आहे.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांचा मेकॅनिक आला. त्याने पाहिलं आणि सांगितलं, "काकू, हीटिंग युनिट गेलं. नवीन बसवावं लागेल, नऊ हजार." २००३ साली आम्हाला नऊ हजार म्हणजे पतपेढीचे चार हप्ते. आई म्हणाली, सीझन होऊ दे, मग बघू. तर त्याने तोडगा काढला. सर्व्हिस मोडमधे जाऊन जॅम ओळखणंच बंद करून टाकलं. अशी सोय काही मशीनांत असते, ती मेकॅनिकला तपासणी करताना वापरायला. "आता थांबणारच नाही. चालवा बिनधास्त."

आईने विचारलं, "अरे, पण खरंच अडकला तर?"

"नाही अडकत हो काकू."

दीड दिवस मशीन खरोखर बिनतक्रार चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वकिलांच्या अर्जाच्या चाळीस प्रती लावल्या होत्या. एक दमट कागद हीटिंग युनिटच्या तोंडाशी दुमडला, आणि मशीनला 'कागद कुठे आहे' हे विचारायचीच बंदी असल्यामुळे त्याने मागून दुसरा पाठवला, तिसरा पाठवला, चौथा पाठवला. आई गिऱ्हाइकाला सुट्टे देत होती. तिला आधी वास आला. तिने बटण वगैरे न बघता भिंतीवरचा मेन स्विच पाडला. आतून कागदाचा पंखा निघाला, कडेला भाकरीसारखा तांबूस झालेला. मी संध्याकाळी पोचले तेव्हा तो काउंटरवर ठेवलेला होता आणि आई एक शब्द बोलत नव्हती. गाळा लाकडी माळ्याचा, वर शिंप्याचं दुकान आणि त्याचे कापडाचे तागे. ती काय विचार करत होती हे सांगायला नको.

सकाळी तिने मेकॅनिकला बोलावून आधी ते जॅमचं ओळखणं पुन्हा सुरू करून घेतलं. तो "मग परत थांबणार" म्हणाला, तर "थांबू दे" म्हणाली.

आणि मग माझ्या आईने, जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या बाईने, जे सांगितलं ते मी आजही नव्या मुलांना ट्रेनिंगमधे सांगते. ती म्हणाली, "एक-एक प्रत काढली की थांबत नाही. पाच काढल्या की थांबतं. युनिट गेलं असतं तर एकालाही थांबलं असतं. मला वाटतं, त्याला दोन कागदांमधली फट दिसत नाहीये."

फट! पुन्हा गणित. मिनिटाला २० म्हणजे तीन सेकंदांना एक कागद. २९७ मिलिमीटरचा ए-फोर त्या वेगाने जायला अडीच सेकंद. म्हणजे दोन कागदांमधे रिकामा अर्धा सेकंद. एवढ्यात पट्टी खाली पडून प्रकाश अडला पाहिजे. मशीन दोन गोष्टी तपासतं: पट्टी वेळेत वर गेली का, आणि वेळेत खाली आली का. दुसरीत ते थोडी सवलत देतं. आळसावलेली पट्टी एकट्या कागदानंतर त्या सवलतीत कशीबशी खाली पोचायची. पण रांगेत कागद असले की ती पोचायच्या आधीच पुढचा येऊन तिला परत उचलायचा. मशीनच्या लेखी हा एकच न संपणारा कागद. त्याचं अनुमान बरोबरच होतं, त्याला मिळालेली बातमी शिळी होती.

मशीन गार झाल्यावर मागचं दार उघडून मी बोटाने ती पट्टी उचलली आणि सोडली. ती चटकन पडायला हवी होती. ती आली शाळेतून घरी येणाऱ्या पोरासारखी, रमतगमत. खिळीभोवती कागदाची धूळ, टोनर पावडर आणि पावसाळी ओल यांचा मेणासारखा थर बसला होता. वातीच्या कापसाला स्पिरिट लावून तो काढला, निसटायच्या बेतात असलेली स्प्रिंग आकड्यात नीट अडकवली. वीस मिनिटांचं काम, त्यातली पंधरा मिनिटं स्क्रू शोधण्यात. मग पन्नास प्रती लावल्या. आई मशीनसमोर हात मागे बांधून उभी, स्टेशन मास्तरासारखी.

ती उपमा तिचीच. कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, मार्ग एकेरी. "पुढची गाडी गेल्याची खात्री होईपर्यंत मागची सोडत नाहीत ना, तसंच हे," ती त्या मेकॅनिकला म्हणाली. "तू माझा सिग्नल काढून गाड्या सोडत होतास." तो हसला. वाईट मुलगा नव्हता तो, त्याला दिवसाला आठ मशीनं करायची असायची आणि युनिट विकलं की कमिशन मिळायचं. पण त्यानंतर त्याने आमच्याकडे सर्व्हिस मोडला हात लावायचा तर आईला विचारून.

तेव्हापासून दर पावसाळ्याच्या आधी आई त्या चारही पट्ट्या स्वतः बोटाने उचलून सोडून बघायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. धाकट्याला विचारा, त्याच्याकडून ते काम तिने बरेचदा करून घेतलंय. नऊ हजारांचं हीटिंग युनिट आम्ही बदललं ते २००७ मधे, वरचा रोलर खरोखर सोलून निघाल्यावर, आणि तेही घासाघीस करून सात हजारांत.