रोझरी आणि गीतमाला

बाबांच्या लहानपणी बडोद्यातल्या आमच्या घरी दर बुधवारी ओढाताण असे. रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. अमीन सायानी त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी खालच्या पायदानापासून सांगत. पहिल्या क्रमांकाचे गाणे अगदी शेवटी. आजीची रोझरी नेमकी तेव्हाच चाले. ओळखीच्या, अनोळखी सगळ्या आजाऱ्यांची नावे घेतल्याशिवाय ती आमेन म्हणत नसे. सुरुवातीची गाणी हुकत, बाबा चिडत.

गेल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. चर्चमध्ये प्रार्थनेत त्यांचे नाव घेतल्याचे आम्ही सांगितले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आईच्या यादीत क्रमांक नव्हते.”

प्रभो, आज घाईत आमच्याकडून कोणाचे नाव राहिले, ते आठवू दे. आमेन.