पाण्याची रेघ

वसई-विरारमध्ये जुनी एर्टिगा पारखताना पारखणाऱ्याला इंजिन, क्लच किंवा पत्र्याचे काम यांपेक्षा एकच प्रश्न अधिक छळतो, आणि तो म्हणजे ही गाडी कधी पाण्यात उभी होती काय. मागे फिरवलेले मीटर पेडलच्या रबरावरून आणि स्टिअरिंगच्या झिजेवरून कळते, लांबी भरलेला दरवाजा बोटाच्या टकटकीने कळतो. पाण्याचे तसे नाही. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी अशा या सखल पट्ट्यात भरतीच्या वेळी पावसाचे पाणी उतरायला वाट उरत नाही. जुलै २०१८ मध्ये ते कित्येक दिवस साचून राहिले होते, त्यामुळे त्याआधीची एमएच ४८ पासिंगची, म्हणजे याच भागातील आरटीओकडे नोंदलेली, गाडी समोर आली की ते वर्ष आठवणे भाग पडते.

खरी अडचण अशी की बुडालेल्या गाडीची जी लक्षणे सांगितली जातात, ती येथील हवा न बुडालेल्या गाडीलाही देते. अर्नाळ्याला किंवा मिठागरांच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ काही वर्षांत गंजतो आणि पावसाळ्यात बंद काचांआड कुबट वास धरतोच. मात्र हवेचा गंज बाहेरून व खालून चढतो आणि सर्वत्र विखुरलेला असतो, तर पाण्याचा गंज आतून, एका ठरावीक उंचीपर्यंत येऊन थांबतो. ही उंची, जिला धंद्यात पाण्याची रेघ म्हणतात, शोधण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या पट्टीवरील गढूळ डाग पाहावा लागतो, सीटखालच्या रुळांचे स्क्रू तपासावे लागतात आणि वायरिंगच्या जोडांवर तांब्याची हिरवी भुकटी आहे का, हे टॉर्च लावून पाहावे लागते. सीएनजी गाडीत तिसऱ्या रांगेमागील सिलिंडरच्या कंसाखालची जागा सर्वांत बोलकी असते, कारण गाडी धुऊन चकाचक करणारे सहसा तो सिलिंडर उतरवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. उलट, दहा वर्षांच्या गाडीत जेथे धूळ असायलाच हवी तेथे ती नसेल, तर तेही संशयाला पुरेसे आहे.

हे सारे वाकून, टॉर्च धरून करावे लागते, आणि ज्याचे नाक अजून तल्लख आहे त्याला यातील निम्मे करावे लागत नाही. दरवाजा उघडताच क्षणभर थांबून निकाल देण्यात जो रुबाब असतो, तो साठीकडे झुकलेल्या पारख्याला सोडवत नाही. वास पूर्वीसारखा येत नसतानाही गिऱ्हाइकासमोर तो आधी नाकच पुढे करतो आणि मग, जणू केवळ खात्रीसाठी, सीटचे बोल्ट काढायला घेतो. तरुण मंडळी गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, स्कॅनर जोडतात, आणि मोठ्या विक्री कंपन्या शेकडो मुद्द्यांची छापील यादी देतात. स्कॅनर आजचा बिघाड दाखवतो, पण नोंदी पुसून टाकल्या की जुने पाणी त्याला दिसत नाही, आणि यादीतील खुणा ज्याने केल्या तो गालिच्याखाली हात घालतोच असे नाही. तरीही त्यांच्यावरील टीकेत मत्सराचा भाग किती, हे टीका करणाऱ्यालाच ठाऊक असते.

विम्याच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की ती 'टोटल लॉस' ठरते. अशी गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते आणि दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. ज्या गाडीचे इंजिन पाण्यात असताना कोणी सुरू केले नाही, तिचे कनेक्टिंग रॉड वाकण्याचे कारण नसते, आणि वायरिंग बदलून ती पुढे चालतेही. म्हणून विक्रेत्याने पाण्याची म्हणून सांगून, भाव पाडून ती विकली, तर मोठ्या कुटुंबाला सात जणांची गाडी आवाक्यात मिळू शकते. हा व्यवहार सरळ आहे, आणि पारखणाऱ्यांना तो फारसा रुचत नाही, कारण त्यात त्यांना ओळखण्यासारखे काही उरत नाही.