बटाट्याच्या देशात चार आठवडे



थोरली पेरूहून परत आल्यापासून पाठशाळेच्या दारात, देवळाच्या स्वयंपाकघरात, फोनवर, सगळीकडे तेच विचारतात. "सोळा वर्षांच्या पोरीला इतक्या लांब पाठवलंत कसं? आणि तिनं तिथे खाल्लं काय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, दुसऱ्याचं लांब. म्हणून आज पोळ्या आटोपून लिहायलाच बसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी नेणारे बरेच कार्यक्रम आहेत. थोडे दिवस भाषेचे वर्ग, मग एखाद्या कुटुंबात राहून गावातलं काहीतरी काम, आणि शेवटी डोंगरातली पायपीट. कल्पना जुनीच. १९३२ साली डोनाल्ड वॉट नावाच्या गृहस्थानं अमेरिकन मुलांना युरोपात नेलं, तेव्हापासून घरी राहून देश ओळखायची ही रीत चालत आली आहे. आमच्या लेकीचा कार्यक्रम चार आठवड्यांचा होता. पहिला आठवडा कुस्को शहरात, मधले दोन उरुबांबा नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात, शेवटचा लारेसच्या डोंगरात. खर्च थोडाथोडका नाही. अर्धा आम्ही दिला, उरलेला तिनं दोन वर्षं शेजारच्या मुलांना गणित शिकवून जमवला. यावर मी जास्त बोलत नाही, ज्याच्या त्याच्या घरचा हिशेब वेगळा.

भाषेचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे आपल्या मराठीचा उपयोग झाला. शाळेत स्पॅनिश शिकताना तिच्या वर्गातली मुलं एका वाक्यावर अडायची. "मला कॉफी आवडते" हे स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल काफे". इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये कॉफी कर्ता, आणि क्रियापद तिच्या मागे चालतं. अगदी आपल्यासारखं! कॉफी आवडते, पेढा आवडतो, पेढे आवडतात. आमच्या लेकीला त्यात अवघड काय तेच कळेना. त्यांचे त आणि द सुद्धा आपल्यासारखे दातांवरचे, आणि तू-तुम्हीचा भेदही आहे. रविवारी सकाळी मराठी शाळेत नेताना आम्ही हिची किती बोलणी खाल्ली, ते आठवून मला जरा बरं वाटलं.

तिथे पोचल्यावर सगळ्या मुलांकडून वचन घेतात की आपसातसुद्धा स्पॅनिशच बोलायचं. घरी फोन आठवड्यातून एकदा. पहिल्या रविवारच्या फोनवर ती बडबडत सुटली, "माझ्या मामानं मला मक्याची कणसं दिली, मामानं स्वेटर दिला." सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. "अगं, हिचा मामा तर सांगलीला आहे, तिथे कधी गेला?" तिथे आईला मामा म्हणतात. ज्या घरात ती राहिली, त्या घरची बाई म्हणजे तिची मामा.

आता खाण्याचं.

पेरू म्हणजे बटाट्याचं माहेर. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगरांत सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसानं बटाटा लावायला सुरुवात केली. आजही अँडीज पर्वतात त्याच्या चार हजारांवर जाती आहेत, जांभळे, काळे, लाल, बोटासारखे लांब. राजधानी लिमामध्ये बटाट्याच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९७१ पासून आहे. बरं, बटाटा नको म्हणावं तर ओका, ओयुको, माशुआ, सगळी कंदमुळंच. त्यात भर म्हणजे कुई. कुई म्हणजे गिनीपिग, इथली मुलं पिंजऱ्यात पाळतात तो. तिथे तो स्वयंपाकघरात जमिनीवर मोकळा फिरतो आणि सणाला ताटात येतो. हे सगळं वाचून मी रात्रभर जागी होते.

सासूबाईंनी आधी दिग्व्रताची आठवण करून दिली. श्रावकानं दिशांची मर्यादा बांधून घ्यायची असते, आणि ही तर चातुर्मास तोंडावर असताना निघालेली. पण त्या नुसता विरोध करून थांबणाऱ्या नाहीत. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नातीला देवासमोर बसवलं आणि नियम दिला, दोन भागांत. अष्टमूलगुण कुठल्याही परिस्थितीत मोडायचे नाहीत: मद्य नाही, मांस नाही, मध नाही. अंडंसुद्धा त्यातच धरायचं. कंदमूळ आणि रात्रीभोजन जमेल तितकं पाळायचं, सूट ठेवून. "पाळता येणार नाही असा नियम देऊन पोरीला खोटं बोलायला शिकवायचं नाही," म्हणाल्या. हे वाक्य मी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

डब्यात काय दिलं तेही विचारता म्हणून सांगते. मेतकूट, भाजलेल्या डाळीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू. लाडू उगाच दिले असं नंतर कळलं, कारण राजगिरा तिथलाच. किविचा म्हणतात, आणि त्याच्या लाह्यांच्या वड्या रस्त्यावर मिळतात. फक्त त्या कशात बांधल्या आहेत ते विचारावं लागतं. "मिएल" म्हणजे मध. पण "मिएल दे चांकाका" म्हणजे उसाच्या गुळाचा पाक, आपली काकवी! लेक कोल्हापूर-सांगलीच्या मातीतली, काकवीची चव तिनं जिभेवर लगेच ओळखली. नुसतं मिएल म्हटलं की ती "दे आबेहा?" असं विचारायची, म्हणजे मधमाशीचा का? दुकानदार म्हणे हसायचे, पण सांगायचे.

"मी मांस खात नाही" एवढं सांगून मात्र भागत नाही, हे मुलींना पाठवणार असाल तर लिहून ठेवा. कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गाय-डुकराचं मांसच येतं, आणि ताटात आनंदानं कोंबडी येते. कार्ने नाही, पोयो नाही, पेस्कादो नाही, उएवो नाही, कोंबडीच्या पाण्यातलं सूपही नाही, असं एकेक नाव घेऊन सांगायचं. चीजचा प्रश्नही होताच. घरी केलेलं चीज कशानं विरजतात हे तिनं विचारलं, उत्तर ऐकून ते सोडलं.

पहिल्याच संध्याकाळी त्या घरच्या बाईनं वाफाळते बटाटे पुढे ठेवले आणि हिनं हात जोडले. जमिनीखाली वाढलेलं खात नाही म्हणाली. बाईनं घरातल्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "मग शेंगदाणे कसे खातेस? तेही जमिनीखालीच येतात." बघा, शेतकरीण ती, नेमकं तिथेच बोट ठेवलं. हिला पाठशाळेत शिकलेलं आठवलं. शेंग हे मूळ नव्हे, दाण्यात एक जीव. कंदात अनंत जीव एका शरीरात. तिनं बटाट्यावरचे डोळे दाखवून सांगितलं की प्रत्येकातून नवीन रोप येतं, म्हणून यात "मुचास आल्मास". आल्मा म्हणजे आत्मा. बाई म्हणाली, "हो, म्हणून तर आम्ही लावतो." डोळ्याला तीही डोळाच म्हणते, ओहो. त्या बाईची मातृभाषा केचुआ, स्पॅनिश तिचीही शिकलेली. दोघी सावकाश, साध्या शब्दांत बोलत असणार, म्हणूनच इतकं बोलणं झालं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी मोठ्या दाण्यांचा मका, बाकल्याचे दाणे, किनोआ आणि आठवडाभर पाण्यात ठेवून कडूपणा काढलेली तारवी नावाची शेंगवर्गी डाळ शिजू लागली. तिथे उंचीमुळे पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, डाळ तासन्‌तास शिजत नाही, त्यामुळे त्यांच्याकडेही प्रेशर कुकर आहे. सूर्यास्ताचं तर बरंच झालं. आपला उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळा, साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पण त्यांचं मुख्य जेवण दुपारचंच. त्यातलं थोडं ठेवून ही पाच वाजता जेवून घ्यायची. सासूबाईंची शंका निराळीच होती: डोंगराआड गेला म्हणजे मावळला धरायचा का?

एकदा त्या बाईनं चुन्यो दिला. थंडीत रात्री उघड्यावर गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढून, उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो. "हा तर मेलेलाच आहे," ती म्हणाली. आता आपण आलं खात नाही पण सुंठ चालते, ओली हळद नाही पण वाळलेली चालते, मग हा का नाही? आमच्या घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं, सुंठ चिमूटभर लागते, औषधापुरती, हा पोटभर खायचा पदार्थ. मला ते पटलं. तुमचं मत वेगळं असेल तर मला ऐकायचं आहे.

गावातलं काम होतं चुली बांधायचं. उघड्या चुलीचा धूर घरभर भरतो. त्याजागी मातीच्या विटांची, धुराडं असलेली चूल बांधायची. मुलं माती आणि डोंगरातलं गवत पायांनी कालवायची, विटा वाहायची. चूल खरी बांधली ती गावातल्या गवंड्यानं. हे मला आवडलं. काही ठिकाणी मुलांकडून भिंती बांधून घेतात आणि त्या वाकड्या झाल्या की गावकरी मागाहून पाडून पुन्हा बांधतात, असं ऐकलं आहे. अनाथाश्रमात आठवडाभर मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायच्या कार्यक्रमांना तर मी सरळ नाही म्हणेन. त्या लेकरांना दर आठवड्याला नवी ताई येऊन सोडून जाते. आधी विचारा: गवंड्याला मजुरी मिळते का, ज्या घरी मुलं राहतात त्यांना पैसे मिळतात का. सासूबाईंना चुलीचं काम फार भावलं. त्यांच्या आईचे डोळे धुरानं गेले.

जाताना त्या घरी निरोपाचं जेवण होतं. कुई. पाहुण्यासाठी, मानाचं. हिनं दोन आठवडे ज्यांना गवत घातलं त्यांतलेच. आदल्या दिवशी तिनं बाईला सांगितलं की माझ्यासाठी मारू नका, आणि मारलं तरी मी खाणार नाही, तुमचा अपमान म्हणून नव्हे. बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कुई झालाच, बाकीच्या पाहुण्यांसाठी, आणि हिच्यापुढे किनोआची खीर आली. ती खीर खाऊन बाहेर जाऊन रडली, असं मला तिच्या वहीतून कळलं, तिनंच वाचायला दिली.

डोंगरात सामान घोड्यांवर होतं. इंकांच्या प्रसिद्ध मार्गावर जनावरांना बंदी आहे, हमालांच्या ओझ्यावरही मर्यादा आहे. लारेसच्या वाटेवर घोडे, खेचरं, लामा असतात. अतिभारारोपण हा अहिंसाव्रताचा अतिचार पाठ केलेला, त्यामुळे हिनं घोडेवाल्याला विचारून विचारून हैराण केलं. तो म्हणाला, लामाचं बरं, ओझं जास्त झालं की खालीच बसतो. चालण्याची तशी भीती नव्हती. अकरा वर्षांची असताना तिनं शिखरजीचे २७ किलोमीटर अनवाणी केले होते. पण ४,४०० मीटरवरची खिंड निराळी. डोकं ठणकतं, श्वास पुरत नाही.

खिंडीच्या दिवशी गारांचा पाऊस आला. सामानाचे घोडे मागे राहिले. मुलं अंधारात एका मेंढपाळाच्या घरी पोचली, भिजलेली, एक मुलगी तापानं फणफणलेली. त्या घरात सूप होतं, बटाटा आणि ओका, दुसरं काही नाही. तिनं ते प्यायलं. दोन वाट्या.

हे तिनं मला नाही सांगितलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आजीला सांगितलं. सासूबाई निवडत असलेल्या तांदळांवरून नजर न काढता म्हणाल्या, "गरम होतं का?" ती हो म्हणाली. "मग ठीक." पुढच्या चतुर्दशीला पोरीनं आपणहून एकाशन केलं, कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या बहिणीला हे मुळीच पटलेलं नाही. तिचं म्हणणं, अडचणीत मोडणारा तो नियम कसला? मी तिच्याशी वाद घातला नाही. पण मी मनाशी हेही मोजते की ज्या पोरीनं मानाचं ताट नाकारायचं धाडस केलं, तीच ती. नियम घेतानाच सूट ठेवली होती. मांसाला सूट नव्हती, आणि तिथे तो मोडला नाही.

तिनं चिंचेरोच्या विणकरणींकडून लोकरीचा पट्टा आणला आहे, पिवळा-हिरवा. लाल घेतला नाही, कारण तो रंग निवडुंगावरच्या किड्यांचा, हातावर चिरडून दाखवतात. दह्याच्या डब्यांवर आपण जो कार्माइन शोधत असतो, तोच.

दर रविवारी त्या बाईचा आवाजी निरोप फोनवर येतो. सासूबाई मराठीतच उत्तर देतात, नात भाषांतर करते. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, चूल अजून धूर नीट ओढते का? बाईनं उत्तर पाठवलं: ओढते, पण कुई आता थंडीनं तिच्याच मागे जाऊन बसतात, झाडायला त्रास होतो.