भाकड दिवसांचं काय?

दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. मी मात्र हल्ली या म्हणीपाशीच अडकून पडते. गोड कुणाला? दूध पिणाऱ्याला, की धार काढायला बसणाऱ्याला? आमच्याकडे धार आई काढायची. पहाटे दोन गुडघ्यांत चरवी धरून बसायची आणि गाईनं पाय झाडला की चरवीसकट मागे कलंडायची. दूध सगळ्यांच्या चहात. ती लाथ तिला गोड लागली का, हे कधी कुणी विचारलं नाही.

शिवाय गाय आटल्यावर काय? विण्याआधी दोनेक महिने ती दूध देत नाही, पण वैरण तेवढीच लागते. पोटात वासरू असतं, म्हणजे जास्तच. म्हणीत हे दिवस नाहीत. म्हातारपण तर नाहीच. जनावर पाळायचं तर मनाची तयारी करायची ती नेमकी याच दिवसांसाठी, असं मला वाटू लागलंय.

कुत्र्याला ही म्हण लावली तर ती उलटी होते. लाथा आधी. पिल्लू चपला फाडतं, रात्रभर आईसाठी रडतं, जिथे तिथे ओलं करतं. पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, पुढे तीही दरवर्षी. आमच्या कडाव गावात पावसाळा लागला की गोचिडी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत शिरतात, त्या एकेक करून काढायच्या. आणि दूध कुठलं? तर गल्लीच्या टोकाला आपलं पाऊल ओळखून ते उठून उभं राहतं. मला ते पुष्कळ वाटतं.

आमच्याकडे पेज नदीच्या आसपास फार्महाऊसं वाढली आहेत. भिवपुरीच्या वीजघराच्या पाण्यामुळे पेज उन्हाळ्यातही वाहते, म्हणून जागा लोकांना आवडते. शनिवारी गाड्या येतात, बालदिगंबर गणपतीचं दर्शन होतं, मुलं आणि कुत्रे पाण्यात डुंबतात. रविवारी गाड्या परततात आणि एखादा कुत्रा इथेच राहतो. राखणदाराच्या पगारात त्याचं जेवण धरलेलं नसतं. त्याची बायको आपल्या टोपातला भात काढून घालते. "खातो दोन घास, पण बघतो गेटाकडंच," असं एक जण मला सांगत होती. पाळलेलं जनावर विनाकारण टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये. कायदा झाला तेव्हा पन्नास रुपयांना वजन असेल. आज एवढ्या पैशात त्या कुत्र्याची एक लसही होत नाही.

वडिलांचा पवळ्या बैल आठवतो. खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला, पुढचे दात झिजलेले. पेंढा चावेना, म्हणून वडील कोंडा कोमट पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ टाकून त्याच्यापुढे ठेवायचे आणि तो संपेपर्यंत तिथेच उकिडवे बसायचे. नांगराला तो कधीच निकामी झाला होता. २०१५ पासून राज्यात बैल कत्तलीसाठी विकता येत नाही, पण ही गोष्ट त्याच्या फार आधीची. तेव्हा विकता येत होता. का ठेवला, असं विचारलं की वडील म्हणत, "गिऱ्हाईक कुठं मिळालं?" आई सांगायची, व्यापारी दोनदा दारी येऊन गेला. मग ती माया होती, की सवय, की विकल्यावर गाव काय म्हणेल याची लाज? मी ती माया धरून चालले होते. आता तेवढं छातीठोक सांगवत नाही. लाजेनं ठेवला असला, तरी पवळ्याला कोंडा वेळेवर मिळाला. त्याच्या दृष्टीनं त्यात काही कमी होतं का?

वडिलांना कुणी विचारलं नव्हतं, तुमची तयारी आहे का. गोठ्यात बैल असायचेच. आता चिखलणीला पॉवर टिलर आहे, जनावराशिवाय घर चालतं, म्हणून आणायचं की नाही हे ठरवावं लागतं. आणि ठरवताना माणूस स्वतःकडे बघतो. माझी साठी उलटली आहे. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. माझ्यामागे त्याला कोण बघणार? मुलगा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडून आधी कबूल करून घ्यावं म्हणते. पण वडील गेले तेव्हा त्यांनी आईकडून काहीच कबूल करून घेतलं नव्हतं, तरी पवळ्याचं शेवटपर्यंत तिनंच केलं. आणि पेजेच्या काठी कुत्रा सोडून गेलेल्यांनीही पिल्लू आणलं असेल ते हौसेनं, कदाचित घरात सगळ्यांनी हो म्हटल्यावरच. मुलाला फोन केला तर तोही हो म्हणेल. तेवढ्यावर आणावं का?