बाटलीची उंची

पदार्थ आणि त्याचें पात्र यांचें नातें आपल्याकडे फार जुनें आहे. लोणचें बरणींत, पाणी माठांत आणि प्रवासाचें पाणी फिरकीच्या तांब्यांत, ही व्यवस्था आमच्या लहानपणीं ठरून गेलेली होती. गार ठेवण्याचें काम मातीकडे असे. माठाच्या अंगांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होतांना ती आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, हें शास्त्र ठाऊक नसतांही घरोघर पाणी गार होत असे. अलीकडे मात्र मध्यमवर्गीयांच्या घरांत एक नवें पात्र शिरलें आहे. बाजारांत त्याला 'आइसबॉक्स' म्हणतात. आम्ही त्याला शीतपेटी म्हणूं. ही पेटी घेतांना तींत वाइनची बाटली उभी राहील कीं नाहीं, असा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्यापुढें आला. तो वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

२००१ साली महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें. तेव्हांपासून नाशिककडचीं द्राक्षें केवळ टोपलींत न राहतां बाटलींतही मोठ्या प्रमाणावर जाऊं लागलीं. आमचे चिरंजीव व सूनबाई नाशिकास असतात. मे महिन्यांत सर्व मंडळी गुहागरच्या घरीं जमणार होती, तेथें तिकडची वाइन घेऊन येण्याची त्यांची इच्छा होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें लागणारा परवाना चिरंजीवांजवळ होता. पेटी घेण्याचें काम आमच्याकडे आलें.

दुकानांत पेट्यांची मापें लिटरांत सांगतात, आणि येथेंच गिऱ्हाइकाची फसगत होते. वाइनची नेहमींची बाटली ७५० मिलिलिटरची. तिची उंची सुमारें ३० सेंटिमीटर. बुडबुड्यांच्या वाइनची बाटली त्याहून किंचित् उंच व अंगानें जाड. पंचवीस लिटरची ऐसपैस पेटीसुद्धां उथळ असली, तर तींत ही बाटली उभी राहत नाहीं. बूच न काढलेली बाटली आडवी ठेवली तर बिघडत नाहीं. पण एकदां उघडून पुन्हां बंद केलेली बाटली उभीच असावी लागते. म्हणून लिटर विचारूं नयेत. खिशांत टेप ठेवावी आणि झांकण लावल्यावर आंत किती उंची उरते, तें मोजावें.

दुसरी गोष्ट भिंतीची. थर्मोकोलची पेटी हलकी व स्वस्त. कोंकणांत मासेवाल्यांमुळें ती सर्वांच्या परिचयाची आहे, पण तिच्या कडा लवकर तुटतात. चांगल्या पेटींत दोन भिंतींच्या मध्यें पॉलियुरेथेनचा जाड थर असतो व त्यांत कोंडलेला वायु उष्णतेस सहसा वाट देत नाहीं. हा आवरणाचा महिमा जुना आहे. १८३३ मध्यें फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्यानें बोस्टनहून कलकत्त्यास जहाजानें बर्फ पाठविला. निघतांना तो १८० टन होता. चार महिन्यांनीं पोंचला तेव्हां सुमारें १०० टन शिल्लक होता. मग पुण्याहून गुहागरपर्यंत बर्फ टिकूं नये, असें कांहीं नाहीं.

बर्फाचा हिशेबही कठीण नाहीं. एक किलो बर्फ वितळतांना सुमारें ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. दोन बाटल्या ३० अंशांवरून १० अंशांवर आणावयाच्या, तर त्यांतच जवळजवळ अर्धा किलो बर्फ खर्चीं पडतो. म्हणून बाटल्या घरींच गार करून पेटींत ठेवाव्या, म्हणजे बर्फाला केवळ राखणीचें काम उरतें. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांवर पितात; तांबडीला एवढा गारठा नको, पण उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत ती ठेविली, तर तिची चव जाते.

ही सारी चौकशी आम्ही करीत असतां दुकानदारानें सहज विचारलें, "आंत काय ठेवायचं आहे?" आमच्या शेजारच्या गृहस्थांस त्यानें हाच प्रश्न केला होता, तेव्हां ते "सरबत" म्हणाले होते, हातानें दाखविलेली उंची मात्र सरबताच्या पेल्याची नव्हती. आम्हीं त्यांस हंसलों नाहीं. आमच्या वर्गाच्या घरांत बाटली वर्तमानपत्रांत गुंडाळून येते आणि तशीच रिकामी होऊन बाहेर जाते. या लाजेच्या मुळाशीं केवळ ढोंग आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आमच्या धाकट्या काकांचा संसार दारूनें बुडाला. काकूंनीं शिवणाच्या यंत्रावर दोन मुलें वाढविलीं. ज्या घरानें हें पाहिलें, त्या घरानें बाटलीकडे निःशंकपणें पाहावें कसें?

आणि त्या काकूही गुहागरास येणार होत्या. पेटीवर कापड घालून ती मोटारीच्या मागें सारावी, अशी सूचना घरांत निघाली. आम्हांस ती पटली नाहीं. जी वस्तु लपवावी लागते ती चारचौघांत मोजतां येत नाहीं, आणि जी मोजली जात नाहीं ती केव्हां वाढली, हें कोणालाच कळत नाहीं. आम्हीं दोनच बाटल्या उभ्या राहतील अशी, मध्यें पडदी असलेली पेटी घेतली, आणि निघण्यापूर्वीं ती कशासाठीं आहे तें काकूंस स्वतः सांगितलें.

त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, "आमच्याकडे बाटली कधी दिसलीच नाही रे. नुसता वास यायचा. दोनच आहेत ना?"

"दोनच," आम्ही म्हणालों.

"मला नकोच आवडायला. पण उघड्यावर असू देत. आणि त्या पलीकडल्या खणात माझी कोकमाची बाटली राहते का बघ."

आम्हीं पाहिलें. तीही ७५० मिलिलिटरचीच होती, आणि झांकण नीट बसलें.