पांढऱ्या पाटीची दुचाकी

पाटोदा तालुक्यातील माणसास परमुलूख नवा नाही. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या या माळावरून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत उतरतात व उन्हाळा लागल्यावर परततात. त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी गोव्यास जाण्याचे आमच्या मंडळींनी ठरविले, तेव्हा प्रवासाची धास्ती कोणास वाटली नाही. दर दहा वर्षांनी येणारा हा सोहळा. या खेपेस तो २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा होता. ३ डिसेंबरच्या सणाची गर्दी टाळून आम्ही पुढला आठवडा निवडला. जामखेडमार्गे पुणे आणि तेथून रातराणीने पणजी. एकंदर अकरा जण. गोवा १९६१ पर्यंत खरोखरीच परदेश होता, हे आम्ही बसमध्ये तरुणांना सांगितले. त्यांनी ते कितपत ऐकले कोण जाणे! त्यांचे सारे लक्ष तेथे भाड्याने मिळणाऱ्या दुचाक्यांकडे लागले होते.

पणजीत पोहोचताच दोघे आमच्याकडे आले. एक आमच्या गायनवृंदातील, चाकणच्या कारखान्यात काम करणारा. दुसरा त्याचा आतेभाऊ. गाडी त्यांनी हेरून ठेवली होती. बसस्थानकाजवळ दिवसाचे नऊशे सांगत होते. गल्लीतला एक गृहस्थ सातशेत द्यावयास तयार होता. अनामत रक्कम नको, मुलाचा परवानाही ठेवून घेणार नाही. फादरांची सही मिळाली म्हणजे पुरे, एवढीच त्याची अट. आम्ही गेलो. गृहस्थ आदबशीर. आमचा झगा पाहून त्याने हात जोडले आणि एक छापील इंग्रजी कागद पुढे केला. खाली बारीक अक्षरांत पंधरा-सोळा ओळी होत्या. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही लॅटिन घोकले, धर्मसंहितेचा अभ्यास केला. विवाहाच्या नोंदवहीत नावाचा एक काना चुकला तरी पान पुन्हा लिहावयास लावतो. तो कागद मात्र आम्ही वाचला नाही. सही ठोकली. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात परक्यास जामीन राहणाऱ्याला दिलेली ताकीद मागाहून आठवली.

गाडीची नंबरपाटी पांढरी होती, हे आम्ही पाहिले होते. त्यात काही पाहण्यासारखे आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. दुचाकी भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी केंद्र सरकारची १९९७ ची योजना आहे. तशी रीतसर नोंदणी झालेल्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. गोव्यात अशा गाड्या पावलोपावली दिसतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी वाहन. ते मालकाने वापरावे, मित्रास द्यावे, पण त्याचे भाडे घेऊ नये. दोनशे रुपये कोठून वाचले, ते त्या पाटीवरच लिहिलेले होते म्हणा ना!

तिसऱ्या दिवशी जुन्या गोव्याहून परतताना सायंकाळी रायबंदर येथे अपघात झाला. तो जुना रस्ता मांडवीच्या काठाने जातो आणि घरांचे उंबरे जवळजवळ रस्त्यावरच आलेले आहेत. वळणावर वाळू सांडली होती. चाक घसरले आणि गाडी कडेने चालणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांवर गेली. ते निवृत्त शिक्षक होते. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. आमच्या मुलाचे मनगट मोडले, आतेभावाचे गुडघे फुटले. दोघांनी हेल्मेट घातले होते म्हणून डोकी वाचली.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात गाडीचा मालक आम्हाला गाठून म्हणाला, "फादर, पोलीस विचारतील. गाडी ओळखीवर दिली एवढंच सांगायचं. भाड्याचं नाव काढायचं नाही. गाडीला विमा आहे. कंपनी त्या सरांचे पैसे भरेल. भाडं म्हटलं की कंपनी हात वर करील, मग नुकसान त्यांचंच. तुम्हीच विचार करा."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हीच तर अडचण होती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरील प्रत्येक गाडीस तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि तो गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठीच आहे. परंतु पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी करावयाचा, याची मर्यादा लिहिलेली असते. खाजगी वापराच्या पॉलिसीवर गाडी भाड्याने दिली, तर कलम १५० विमा कंपनीस हरकत घेण्याची वाट मोकळी ठेवते. काही खटल्यांत न्यायालये कंपनीस आधी भरपाई द्यावयास लावून नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. पण ते काही वर्षांनी, आणि खात्री कोणासच नाही. म्हणजे आम्ही एक वाक्य गाळले असते, तर जखमी वृद्धास पैसे मिळण्याचा मार्ग सुकर होणार होता, मुलगा सुटणार होता, मालक सुटणार होता आणि कागदावर ज्याची सही आहे तो धर्मगुरूही सुटणार होता. आड येत होती ती फक्त आठवी आज्ञा.

वाचकहो, त्या बाकावर बसून आमच्या मनाने काय केले, ते लपविण्यात अर्थ नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला 'मानसिक आरक्षण' नावाचे एक प्रकरण शिकविले जाई. तोंडाने अर्धे सत्य बोलावे आणि उरलेले मनात ठेवावे, की खोटे बोलल्याचा दोष लागत नाही, असे काही जुन्या पंडितांचे म्हणणे. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्येच या पळवाटेचा निषेध केला. परीक्षेत आम्ही ते सन अचूक लिहिले होते. आणि आता आम्ही वाक्य जुळवीत होतो : 'त्या गृहस्थाने आमच्यावर विश्वास ठेवून गाडी दिली.' यात एक शब्द खोटा नव्हता. आम्ही ते दोनदा मनात म्हणून पाहिले.

ते बोलण्याची वेळ आली नाही. हवालदार आधी मुलाकडे गेले. "गाडी कोणाची?" असे त्यांनी विचारले मात्र, हातास कच्चे प्लास्टर घातलेला तो मुलगा सरळ म्हणाला, "भाड्याची, साहेब. दिवसाला सातशे. तीन दिवसांचे दिले." मालकाने आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे पाहिले. त्या मुलास आम्हीच लहानपणी धर्मशिक्षण दिले होते.

रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला. ते उसाच्या फडात होते. "फादर, पोरगं शाबूत हाय ना?" हा पहिला प्रश्न. आणि थोड्या वेळाने, "इमा असतोय म्हणं गाडीला. मंग पोराच्या हाताचं त्यातून मिळंल की."

याचे उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते. आमचे पणजीतील यजमान विमा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते समजावून दिले. विमा उतरविणारा मालक हा पहिला पक्ष, कंपनी दुसरा, बाकी सारे जग तिसरा. ते शिक्षक तिसऱ्या पक्षात. "आणि आमचा मुलगा?" आम्ही विचारले. ते म्हणाले, "कोणत्याच नाही, फादर. गाडी चालवायला घेतली त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने तो मालकाच्या जागी आला. मालक स्वतःकडेच भरपाई कशी मागणार?" मागून आणलेल्या दुचाकीवर मरण पावलेल्या चालकांच्या वारसांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२० मध्ये हेच तत्त्व सांगितले. दुसऱ्या खटल्यात वारसांच्या पदरी वैयक्तिक अपघाताच्या कलमाखालील एक लाख रुपये तेवढे पडले. हे अपघात-संरक्षण २०१८ च्या आदेशाने पंधरा लाखांचे झाले खरे, पण ते 'मालक-चालका'साठी, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी असते. भाडेकऱ्याने त्यावर विसंबू नये. पॉलिसी केवळ तृतीय पक्षाची असेल, तर मागे बसलेल्या आतेभावालाही ती पोहोचत नाही. आणि गाडीची मोडतोड? ती आम्ही सही केलेल्या त्या बारीक ओळींत होती : सर्व नुकसान घेणाऱ्याने व जामीनदाराने भरून द्यावे.

म्हणजे गाडीस विमा होता, हे खरे. पण जो मुलगा ती चालवीत होता, त्याच्यासाठी त्यात काहीच नव्हते. फोनवर त्याच्या वडिलांना हे सांगावयास आम्हाला दोनदा प्रयत्न करावा लागला. ते ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, "बरं." दोन दिवसांनी त्यांनी मुकादमाकडून साठ हजारांची वाढीव उचल घेतली. ती पुढल्या हंगामात दोघा नवरा-बायकोंच्या कोयत्यावर फिटावयाची होती. आम्ही आमच्या बचतीतील चाळीस हजार घातले. त्यातून शिक्षकांच्या शस्त्रक्रियेस हातभार लागला. बाकीच्यासाठी त्यांच्या मुलाने अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला आहे. तेथे कंपनीने अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली असून तारखा पडत आहेत. मुलाने खरे सांगितले, त्याची किंमत फडात चुकती होत आहे; आमच्या न बोललेल्या वाक्याची कोणी काही मागितली नाही.

त्या शिक्षकांना भेटावयास आम्ही निघण्यापूर्वी गेलो. ते उताणे पडून होते. त्यांनी मुलाचे मनगट पाहिले आणि कोणत्या हाताने लिहितोस, असे विचारले. उजव्या, असे तो म्हणाला. "मग बरे, डावा आहे," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले.

तेव्हापासून प्रवासास निघणाऱ्यांच्या मागे आम्ही हाच विषय लावतो. गेल्या वर्षी आमच्या एका मुलीचा विवाह वसईच्या मुलाशी ठरला आणि दोघे लग्नानंतर थायलंडला जाणार होती. तेथे दुचाकी घेणार, हे कळल्यावर आम्ही विवाहपूर्व मार्गदर्शन बाजूला ठेवले. आपल्या आर.टी.ओ.कडून १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि त्यावर दुचाकीच्या वर्गाची नोंद पाहून घ्यावी लागते. केवळ मोटारीची नोंद असेल, तर दुचाकीवर तो नसल्यात जमा. थायलंडमध्ये १९९२ च्या कायद्याने प्रत्येक गाडीस सक्तीचा विमा असतो, पण तो माणसाच्या शरीरास झालेल्या इजेपुरता, ठराविक मर्यादेत. वाहनांच्या नुकसानीचा एक पैसाही त्यात नाही. दुकानदार जादा पैसे घेऊन 'नुकसानमाफी' देऊ करतात, ती त्यांच्या गाडीपुरती. चालविणाऱ्याच्या हाडांशी तिचा संबंध नाही. हाडांसाठी घरून निघतानाच प्रवास-विमा घ्यावा लागतो, आणि योग्य परवाना नसेल वा हेल्मेट घातले नसेल, तर बहुतेक कंपन्या दावा नाकारतात. काही पॉलिसींत अमुक सी.सी.पेक्षा मोठे इंजिन चालत नाही. आणि पारपत्र गहाण म्हणून दुकानात ठेवण्यास मागितले, तर दुसरे दुकान पाहावे. मुलगी हसून म्हणाली, "फादर, तुम्ही एजंट झालात की काय?" तिच्या नियोजित वराने मात्र वहीत लिहून घेतले.

२०२५ च्या दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याच्या बेतात होत्या. एके सायंकाळी त्या मुलाचे वडील मिशनच्या आवारात आले. टोपी काढून लिंबाखाली उभे राहिले. खिशातून चौघडी केलेला मुकादमाचा कागद काढून म्हणाले, "फादर, अंगठा द्यायच्या आधी वाचून दावा."

आम्ही चष्मा लावला. उचलीची रक्कम अक्षरांत लिहिलेली होती. किती दिवस काम, ती जागा कोरी होती. आम्ही बोट ठेवून ते त्यांना दाखविले. त्यांनी कागद परत घेतला, घडी घातली आणि मुकादमाच्या घराकडे चालू लागले.