तीन डबे घेऊन संगमनेरला

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना प्रांतात नोकरीस असलेला आमचा भाचा गेल्या दिवाळीत नगरास आला, तो इतर वस्तूंबरोबर तंबाखूचे तीन डबे घेऊन आला. (नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पत्रावर आम्ही तेच घालतो. परंतु साठ वर्षांची जिव्हा एकाएकी वळत नाही, तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.) भाचा पाइप ओढतो. घरात नव्हे, गच्चीवर. आणि तेही आमचे कुटुंब देवळात गेले असता. एरवी आम्ही त्याची कानउघाडणी करून मोकळे झालो असतो. परंतु डब्यांची झाकणे उघडून तो त्यांविषयी असे काही बोलू लागला, की एखाद्या वैद्याने चूर्णांविषयी बोलावे. आणि आम्ही ऐकत बसलो.

आमचे घर तंबाखूचा विटाळ मानणारे, असे आम्ही बालपणापासून ऐकत आलो. विचार करून पाहता ते खरे नव्हते. वडिलांच्या कनवटीला तपकिरीची डबी नित्य असे, आणि संध्येच्या पळीपंचपात्राइतकीच तीही त्यांच्या अंगवळणी पडली होती. आजी पहाटे मिश्री लावी, आणि मिश्री म्हणजे तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखूच. धूर निघाला तर पाप. नाकातून वा हिरड्यांतून गेली तर औषध, अशी ती व्यवस्था होती. शास्त्रीमंडळी तर याहूनही पुढे गेली. ‘तमाखुपत्रम्’ या शब्दाचा त्यांनी ‘तम्’ आणि ‘आखुपत्रम्’ असा विग्रह केला. आखु म्हणजे उंदीर, पत्र म्हणजे वाहन. उंदीर ज्याचे वाहन तो गजानन. तेव्हा तंबाखूचे पान सेवा असे जो सांगतो, तो वस्तुतः गणपतीस भजा असेच सांगतो! हा विग्रह वडील मोठ्या आनंदाने सांगत व लगेच चिमूट ओढीत.

प्रत्यक्षात ही वनस्पती अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली व तेथून ती दख्खनच्या दरबारांत शिरली. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला; त्यानंतर चारपाच वर्षांतच अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतताना तंबाखू व ती ओढावयाची रत्नजडित नळी घेऊन आग्र्यास गेला. बादशहाने दोनतीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, आणि सरदारांनी हकिमाकडे दुर्लक्ष केले. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली. तिचे काय झाले हे कोणत्याही पानपट्टीसमोर उभे राहून पाहावे.

आता डब्यांकडे वळू.

पहिला डबा लाल, पत्र्याचा, वर दाढीवाल्या राजपुत्राचे चित्र. हा ‘प्रिन्स अल्बर्ट’. १९०७ साली तो बाजारात आला, आणि चित्रातला राजपुत्र म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झाला तो. डबा भाच्याने जुन्या बाजारात घेतलेला, आतली तंबाखू मात्र नवी. ही ‘बर्ली’ जातीची. १८६४ साली ओहायो प्रांतातल्या एका शेतात काही रोपे पांढुरकी, रोगट दिसणारी उगवली. उपटून न टाकता ती वाढू दिली, आणि त्यांतून हा वाण निघाला. बर्लीची पाने सावलीत, वाऱ्यावर वाळवितात. त्या सावकाश वाळण्यात पानातली साखर जवळजवळ संपून जाते, म्हणून पान सच्छिद्र व कोरडे राहते आणि वरून घातलेला गूळ, कोको, ज्येष्ठमध, जे द्याल ते पिऊन घेते. पोह्यांस ताक लागावे तसे. हिचा वास भाजलेल्या शेंगदाण्यांचा. आम्ही पुराव्यादाखल एक झुरका घेतला (वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पहिला). धूर गिळू नये, तोंडात खेळवून सोडावा, असे भाच्याने बजावले असूनही तो गिळला गेला, आणि पुढील पाच मिनिटे आम्ही तुलना करण्याच्या स्थितीत नव्हतो.

दुसरी शुद्ध ‘व्हर्जिनिया’. ही पिवळीधमक, डबा उघडताच नव्या वाळलेल्या गवताचा व काकवीचा वास आला. चव गोड, परंतु घाईने ओढल्यास जिभेस चटका देणारी. तिचा पिवळेपणा कसा आला याची कथा भाच्याने सांगितली, ती आम्हांस तंबाखूपेक्षा अधिक झोंबली. १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनातच, कॅसवेल परगण्यात, स्लेड नावाच्या जमीनदाराकडे स्टीफन नावाचा एक गुलाम तरुण होता. पाने वाळविण्याच्या कोठारातला जाळ राखणे हे त्याचे काम. एका रात्री त्यास झोप लागली. जाग आली तो विस्तव विझत आलेला. मार चुकविण्यासाठी म्हणा वा काम बिघडू नये म्हणून म्हणा, त्याने जवळचा कोळसा आणून निखारे फुलविले. त्या एकदम चढलेल्या कोरड्या उष्णतेने पाने सोन्यासारखी पिवळी झाली, व साखर पानातच राहिली. पुढे या पिवळ्या पानावर धनिकांची घराणी उभी राहिली. स्टीफनच्या वाट्यास त्याचे नाव तेवढे आले, आडनावही धन्याचेच.

तिसऱ्या डब्यात व्हर्जिनियात मिसळलेली ‘पेरिक’ होती. लुइझियाना प्रांतातल्या सेंट जेम्स या एका लहानशा भागात ती होते. पाने ओकच्या पिंपांत खच्चून भरून वरून मळसूत्राने दाबतात, आणि आपल्याच रसात ती महिनोन्‌महिने आंबू देतात. मधूनमधून पिंप उघडून पाने हलवून पुन्हा दाबावयाची. वास थेट मुरलेल्या चिंच-खजुराच्या बरणीचा, मागून किंचित मिरी. आमच्या आजीने ही पद्धत ऐकली असती तर तिने एवढेच विचारले असते, की मीठ केव्हा घालतात.

तिन्हींत श्रेष्ठ कोणती? भाच्याचे मत पेरिककडे. आमचे नाक पुन्हापुन्हा पहिल्या डब्याकडे वळत होते, आणि ते गुणासाठी नव्हे. बोटांत चुरलेल्या त्या कोरड्या पानाचा वास आम्ही पूर्वी घेतला होता. कोठे, ते रात्री अंथरुणावर आठवले. एका वहीला.

१९८९ साली आम्ही संगमनेरच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची रूपे चोख पाठ असत, परंतु वह्या डागाळलेल्या. एकदा तपासावयास आलेली तिची वही आम्ही नाकापासून दूर धरली आणि भर वर्गात विचारले, “घरी विड्या ओढतात काय तुझ्या?” वर्ग हसला. ती खाली पाहत राहिली. घरी कोणी विड्या ओढीत नव्हते. घरी आई विड्या वळीत होती, आणि शाळेतून गेल्यावर ही मुलगीही. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. अर्धे गाव त्या धंद्यावर होते. पुढील वर्षी ती शाळेत आली नाही.

भाऊबीज झाल्यावर आम्ही भाच्यास म्हणालो, “डबे दोन दिवस उसने दे.” आणि तारकपूरच्या स्थानकावरून एस. टी. धरली.

राहुरी, कोल्हार, लोणी असा हा रस्ता. दुतर्फा ऊस; लोणीस तर आपल्या सहकारी साखर कारखान्यांचे मूळ पीठ. तंबाखूचे शेत मात्र वाटेत एकही नाही. हेच संगमनेरचे नवल आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे हे गाव, शाहीर अनंत फंदींचे गाव, साऱ्या महाराष्ट्रात तंबाखूसाठी ओळखले जाते. ‘गाय छाप’ची पुडी येथलीच, हे शेतातल्या गड्यापासून कचेरीतल्या शिपायापर्यंत सर्वांस ठाऊक. परंतु विडीची तंबाखू येते निपाणीकडून व गुजरातेतल्या चरोतरातून, तेंदूचे पान येते पूर्वेकडच्या रानांतून. गावचे म्हणावे असे विडीत एकच काही असते, ते म्हणजे बायकांची बोटे. नगर शहरातही, तोफखान्याच्या अंगास, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत हेच दिसते: माग मागे पडले आणि मांडीवर सूप आले.

अमेरिकेने आमच्या जिल्ह्यास काय दिले, याचा हिशेब एस. टी.त बसल्या बसल्या मनात चालू होता. तंबाखू दिली, तशी मुलींची शाळाही दिली. अमेरिकन मिशन नगरात १८३१ साली आले. फरारबाईंची मुलींची शाळा येथे पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली. या दोन देणग्यांची गाठ कोणत्या वहीत पडली होती, ते वर सांगितलेच.

घर सापडण्यास कष्ट पडले नाहीत. ती ओट्यावरच बसली होती, आता पन्नाशीची. “या सर,” म्हणाली, जणू काल तास झाला होता. हात थांबला नाही. भिजवून मऊ केलेले पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापावयाचे, चिमूटभर तंबाखू पसरावयाची, वळावयाचे, दोरा गुंडाळावयाचा, नखाने तोंड दुमडावयाचे. आम्ही एक श्लोक म्हणावा तितक्यात दोन विड्या सुपात पडत. हजार झाल्या म्हणजे दिवस झाला. मग कारखान्यात तपासनीस त्यांतल्या वाकड्या, सैल, फुटक्या काढून टाकतो. त्यास ‘छाट’ म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत.

डबे पुढे केले तेव्हा मात्र तिने हात पुसले. पहिल्यातली चिमूट तिने बोटांत चुरली, हुंगली. “ही सावलीत वाळवलेली. वरून काहीतरी लावलंय, गोड.” दुसरी हातात घेताच, “ही ओली आहे सर. हिची विडी होणार नाही, पान काळं पडेल.” तिसऱ्या डब्यावर तिने नाक नेले आणि लगेच मान फिरविली. “आंबवलीय. डोकं धरणारी आहे ही.” भाच्याने पुस्तके वाचून व पैसा खर्चून मिळविलेले ज्ञान तिने तीन चिमटींत सांगितले. तिने आयुष्यात कधी धूर घेतला नाही, हेही तिने सांगितले. घ्यावा लागत नाही. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, आणि पानातले विष बोटांच्या कातडीतूनही शरीरात शिरते, हे आता डॉक्टरही सांगतात. आई दम्याने गेली. तिला स्वतःला पहाटे खोकला असतो.

“तिकडं हजाराला काय देतात?” तिने विचारले. तिकडे यंत्रे आहेत, एवढेच आम्ही बोललो. स्टीफनची गोष्ट सांगितली नाही.

मग आम्ही आलो होतो ते काम केले. वहीची आठवण काढली व चुकलो असे म्हटले. शिक्षकास हे वाक्य जड जाते. आम्ही ते एका दमात उरकले. ती हसली. “मला नाही आठवत, सर. शाळा सोडली ती आई आजारी पडली म्हणून.” थोडा वेळ विड्या वळून ती म्हणाली, “वही मात्र मी नंतर पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागले होते. वास लागू नये म्हणून.”

तिची मुलगी नाशिकला परिचारिकेचे शिक्षण घेते. विडी कामगारांच्या मुलांस केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, ती तिला मिळाली. मुलीने सूप कधी मांडीवर घेतले नाही, हे तिने दोनदा सांगितले.

चहा झाला. निघताना तिने लाल डबा उचलून झाकण उघडझाप करून पाहिले. झाकण घट्ट बसत होते. “तंबाखू नको, सर. डबा ठेवू का?” आम्ही आतली तंबाखू कागदात बांधून घेतली. डब्यात तिने कात्री आणि दोऱ्याची रिळे ठेविली.

नगरास पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. पिशवीचा वास लपण्याजोगा नव्हता. कुटुंबाने ती दाराबाहेरच ठेवावयास लाविली. भाच्याने डबे मोजले, दोनच का, असे विचारले, आणि पुडी सोडून तंबाखूचा वास घेऊ लागला.